स्थापना साल काय टाकू?

फ्लेक्सवाल्याचा फोन भर दुपारी आला. "काका, डिझाइन रेडी आहे. मेस्सी डावीकडं घेतलाय, नगरसेवक उजवीकडं, मधे क्लबचं नाव. खाली 'स्थापना' लिहिलंय. साल काय टाकू सांगा की."

माझ्या हातात कडक भाकरीचा तुकडा होता. "संध्याकाळी सांगतो बे," म्हणून फोन ठेवला, पण पुढचं जेवण काही धड झालं नाही. पस्तीसेक वर्षं मी सोलापुरातल्या या फुटबॉल क्लबचा खजिनदार आहे. कुणाकडे किती वर्गणी थकली आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण क्लब सुरू कधी झाला?

क्लबचं नाव इथे लिहीत नाही. लिहूनही काही कळणार नाही, कारण ते तीनदा बदललं. आधी पेठेचं नाव होतं. मग एका व्यापाऱ्याने दोन बॉल आणि पोस्टची बल्ली दिली म्हणून त्याच्या वडलांचं नाव आलं. आता पोरांनी काहीतरी 'युनायटेड' करून टाकलंय. नाव बदललं, मैदान बदललं, पोरं तर दर सहा-सात वर्षांनी बदलतातच. बदलली नाही ती एक पत्र्याची ट्रंक. आमचं ऑफिस, कपाट, संग्रहालय, सगळं तीच. ती आधी माझ्या थोरल्या काकांच्या खाटेखाली होती, आता माझ्या आहे. काका लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये टाइमकीपर. माणसं कधी आली नि कधी गेली हे लिहून ठेवायची त्यांना घरीदारी सवय. त्यामुळे क्लबची वहीही त्यांच्याकडेच आली असावी.

माझी खेळाडू म्हणून कारकीर्द एकूण सतरा मिनिटांची. लेफ्ट आऊटला एक जण कमी पडला म्हणून मला उतरवलं, अठराव्या मिनिटाला तो सायकलवरून आला आणि मी बाहेर. तेवढ्यात बॉल माझ्याकडे एकदाच आला आणि तोही गुडघ्याला लागून रेषेबाहेर गेला. काका म्हणाले, "तू ट्रंक बघ." तेव्हापासून बघतोय.

ट्रंकेत आहे तरी काय? एक पितळी पंप. दोन ब्लॅडर, आता दगडासारखे कडक. एक आरी, म्हणजे मोच्याचा टोच्या. एकाच पायाचं अँकलेट. कान तुटलेला एक कप, ज्यावरची अक्षरं घासून घासून गेली, त्यामुळे तो आम्ही जिंकला होता की कुणाचा परत द्यायचा राहिला, हे सांगता येत नाही. आणि लाल कापडी बांधणीची लांबट वही.

साल शोधायचं म्हणून मी आधी माणसांकडे गेलो. ही माझी पहिली चूक. माणसांना साल आठवत नाही, गोष्ट आठवते.

बेगम पेठेतले चाचा नव्वदीला आले आहेत. ते म्हणतात, "मार्शल लॉ के पहिलेसे है रे आपला क्लब." मार्शल लॉ म्हणजे मे 1930, इंग्रजांनी शहरावर लादलेला लष्करी अंमल. सोलापुरात अजूनही जुनी माणसं काळ मोजतात तो मार्शल लॉच्या आधीचा आणि नंतरचा. हातात झेंडा घेऊन चालणं तेव्हा गुन्हा होता, चौकात घोळका करायचीही चोरी. पुढे 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिलं, ते आमचे चार हुतात्मे. चाचा तेव्हा जन्मलेही नव्हते. ते सांगतात ती त्यांच्या वडलांची गोष्ट: जमावबंदीत अकरा जण जमणार कुठून, म्हणून पोरांनी बॉलची हवा काढली आणि तो पिठाच्या डब्यात लपवला. गेल्या दिवाळीत हीच गोष्ट सांगताना तो बॉल पाळण्याखाली होता. मी काही बोललो नाही. बॉल लपवला असेलही, कुणाचा तरी असेल. आमचाच होता याला पुरावा काय?

पूर्व भागातले अण्णा वेगळंच सांगतात. त्यांच्या मते क्लब 'पोलीस ॲक्शन'नंतरचा. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज हैदराबाद संस्थानात शिरली ती मुख्यतः सोलापूरहून, नळदुर्गच्या रस्त्याने. अण्णांचे वडील तेव्हा रस्त्याकडेला उभे राहून रणगाडे मोजत होते म्हणे. त्या फौजेतल्या शिपायांनी जाताना एक बॉल पोरांना दिला आणि त्यावर क्लब उभा राहिला, असं अण्णांचं म्हणणं. छान आहे. पण लढाईला निघालेला शिपाई पाठीवर फुटबॉल घेऊन निघतो, हे काही माझ्या हिशोबी डोक्यात बसत नाही.

तेव्हा मी वही काढली.

वही माणसांसारखी रंगवून सांगत नाही. तिला साल विचारलं तर तीही सांगत नाही, कारण काकांच्या आधी ज्यांनी ती लिहिली त्यांना तारीख घालायचा कंटाळा होता. नुसतं 'सोमवार', 'आवस', 'पगाराचा दिवस' असं. पण पैशाचा हिशोब काळ लपवू शकत नाही. अर्ध्याच्या आसपास एका पानावर आणे-पै संपतात आणि नवे पैसे सुरू होतात. नवे पैसे आले 1 एप्रिल 1957 ला. त्या पानावर लिहिणाऱ्याची तारांबळ उडालेली दिसते. चार आण्याचे पंचवीस पैसे सरळ होतात, पण तीन आण्याचे किती करायचे? त्याने आधी 18 लिहिलंय, खोडून 19 केलंय, आणि पुढे वैतागून 'अंदाजे'. म्हणजे अर्धी वही 57 च्या आधीची. इथवर मी त्याच दिवशी पोचलो आणि स्वतःवर खूश झालो.

दुसरा पुरावा पायांचा. सुरुवातीच्या पानांवर दर सामन्याला एक खर्च ठरलेला आहे: 'पट्टी'. म्हणजे अनवाणी पायाला गुंडाळायची कापडाची पट्टी. बूट नव्हतेच. इथला उन्हाळा 44 च्या पलीकडे जातो, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या जमिनीवर ही माणसं पट्ट्या बांधून खेळत होती. तेव्हा सगळा देशच तसा खेळत होता म्हणा. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकला आपले बरेच खेळाडू अनवाणी उतरले आणि फ्रान्सशी 2-1 ने हरले, तेव्हा जग कौतुकाने बघत होतं. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 ने धुतलं आणि कौतुक संपलं. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. आमच्या वहीत 'बूट जोड 3 (जुने)' ही नोंद नव्या पैशांच्या बऱ्याच पानं आधी येते. जोड तीन आणि माणसं अकरा. काका सांगायचे, बूट कोण घालणार हे नाणं उडवून ठरायचं. ज्यांच्या वाट्याला आले ते म्हणे सगळ्यात वाईट खेळले.

बॉलबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण हे काम मी स्वतः केलंय आणि आता ते कुणाला येत नाही.

तो बॉल कातड्याचा, तोंडाशी फट असलेला, बुटासारखी नाडी ओवायची. आत रबरी ब्लॅडर, त्याला करंगळीएवढी नळी. आधी ब्लॅडर पाण्याच्या बादलीत दाबून बघायचा, कुठून बुडबुडा येतो का. पंक्चर असेल तर सायकलवाल्याकडचा चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. मग तो घडी करून फटीतून आत सारायचा. घडी चुकली की फुगवल्यावर बॉल एका बाजूला पोट सुटल्यासारखा दिसतो. नळीला पंप लावून हवा भरायची, अंगठ्याने दाबून बघायची, आणि नळी दुमडून सुताच्या दोऱ्याने आवळून बांधायची. या क्षणाला दोन माणसं लागतात, एकाने चिमटीत धरायची आणि दुसऱ्याने गाठ मारायची. सुताची काळजी नाही, हे सोलापूर आहे. नंतर ती बांधलेली नळी कातड्याच्या जिभेखाली दडपायची आणि आरीने नाडी ओढून फट शिवून टाकायची. नाडी जितकी सपाट बसेल तितकी बरी, कारण हेडर मारताना ती कपाळावर आली की शिक्का उठतो. आमच्या एका सेंटर हाफच्या कपाळावर असा कायमचा एक टिकलीएवढा वण होता. त्याच्या लग्नात मुलीकडच्यांनी तो देवी आल्याचा समजला.

कातडं कोरडं पडू नये म्हणून तेल लावावं लागे. पुस्तकातली माणसं त्यासाठी मेणाचं कसलंतरी मलम वापरत असतील. आमच्याकडे करडईचं तेल. ते बॉल घरात ठेवता यायचे नाहीत, मुंग्या लागत. पावसात तो बॉल पाणी पिऊन असा जड व्हायचा की गोली, म्हणजे गोलकीपर, आधी देवाचं नाव घ्यायचा. बॉल जालंदरचा असला तर दोन मोसम टिके. काका त्याला 'जालंदरी' म्हणायचे, जसं एखाद्या म्हशीला जाफराबादी म्हणावं.

आता मैदान. या विषयावर लिहायचं तर हा लेख पुरायचा नाही, कारण आमच्या क्लबला स्वतःचं मैदान कधीच नव्हतं. आजही नाही. आम्ही आयुष्यभर दुसऱ्याच्या अंगणात खेळलो.

कोल्हापूरकरांचं बघा. तिथे फुटबॉलला तालमी आहेत, राजघराण्याचा आधार आहे, शाहू स्टेडियम आहे, सामना असला की गाव दोन संघांत वाटलं जातं. आमच्याकडे राजा नव्हता. आमच्याकडे मिल होत्या आणि रेल्वे होती. गंमत म्हणजे आमच्या एका मिलचं नावच एका क्रिकेटपटूचं. जाम मिल म्हणजे जाम श्री रणजितसिंहजी मिल, ज्यांच्या नावाने रणजी ट्रॉफी खेळतात तेच रणजी. फुटबॉलवाल्यांच्या नशिबी हे असं. पार्क मैदानावर स्टेडियम झालं तेही क्रिकेटच्या कौतुकाचं.

आमचं पहिलं मैदान म्हणजे मिलच्या भिंतीला लागून असलेली मोकळी जागा, कापसाच्या गाड्या सुटायच्या तिथली. बैल उभे असत. फक्की मारून रेषा आखायचा प्रश्नच नव्हता, बैलांची दावण हीच टचलाइन. तीनचा भोंगा झाला की पहिली पाळी सुटायची आणि सामना सुरू. दुसऱ्या पाळीचे खेळाडू हाफटाइमपर्यंतच. त्यामुळे आमच्या संघाचे कायम दोन भाग होते, 'भोंग्याआधीचे' आणि 'भोंग्यानंतरचे', आणि त्यांचं आपसात पटायचं नाही.

दुसरं रेल्वेचं. रेल्वे सोलापुरात 1860 ला आली आणि तिच्याबरोबर साहेब, गार्ड, ड्रायव्हर आणि त्यांचे खेळ आले. रेल्वे वसाहतीत गवत होतं. खरं, हिरवं. आमच्या माणसांना त्यावर पळताच यायचं नाही, बॉल अपेक्षेआधी थांबायचा. रेल्वेवाल्यांशी झालेल्या सामन्यांच्या नोंदी वहीत आहेत, निकाल बहुतेक ठिकाणी लिहिलेला नाही. काकांच्या पद्धतीने त्याचा अर्थ हरलो.

आणि तिसरं होम मैदान. सिद्धेश्वर मंदिराजवळचं. तिथे जानेवारीत गड्डा भरतो, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, होम होतो, शोभेचं दारूकाम होतं, आणि पाळणे, खेळणी, भांड्यांची दुकानं पुढे कितीतरी दिवस चालतात. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीलाच आमचा संघ बेघर. जानेवारी लागला की गोलपोस्टच्या बल्ल्या उपटायच्या, खांद्यावरून पेठेत आणायच्या आणि भिंतीला उभ्या करून ठेवायच्या. त्यावर बायका वाळवणं घालत.

यात्रा संपून मैदान मोकळं झालं की आमचा खरा कार्यक्रम: पोस्टचे खड्डे शोधणं. दुकानांच्या खुंटांनी जमीन चाळणी झालेली असे. हजार खड्ड्यांत आपले चार कुठले? नवे खणायचे तर मुरुमाखाली कठीण जमीन, पहार वाजायची. म्हणून जुनेच शोधायचे. एक म्हातारे मामा हे काम करायचे. किल्ल्याच्या एका बुरुजाकडे तोंड करून उभे राहायचे, मग पावलं मोजत चालायचे, थांबायचे, टाचेने माती दाबायचे. "हितं." पहार घातली की भसकन आत जायची. खड्ड्यातून निघायचं काय काय: बांगड्यांचे तुकडे, फुटका भोंगा, रेवड्यांचा कागद, एकदा पत्र्याची मोटार. तो माणूस चुकलेला मी पाहिला नाही. चौथा खड्डा सापडला की पोरं 'हर्र बोला' म्हणत बल्ली आत ढकलायची, आणि त्या दिवसापासून आमचं वर्ष सुरू व्हायचं.

या मैदानांवर कुठली भाषा बोलली जायची, हे बाहेरच्याला समजावणं अवघड आहे. गोली तेलुगू, बॅकला कन्नड, मधे उर्दू आणि पुढे मराठी, असा आमचा साधारण साचा. "दे की बे" आणि "इधर दे रे" हे तर सगळ्यांनाच कळायचं. पण धोक्याची सूचना ज्याच्या त्याच्या मातृभाषेत निघते. बॅक ओरडायचा "हिंदे नोडु!", म्हणजे मागे बघ. गोली ओरडायचा "वेनका चूडू!", तेही तेच. पुण्याकडचा संघ आला की या आरडाओरड्याने पार गोंधळून जायचा, त्यांना वाटायचं काहीतरी डाव ठरलाय. आमच्या लोकांनी मग खरंच डाव कन्नडमध्ये ठरवायला सुरुवात केली, मोठ्याने, त्यांच्यासमोर. हे चांगलं चाललं होतं. मग एकदा हुबळीचा संघ आला. पहिल्या दहा मिनिटांत आमचा प्रत्येक डाव त्यांना आमच्याआधी कळत होता. हाफटाइमला कप्तानाने सांगितलं, आता सगळ्यांनी तेलुगूत बोला. अर्ध्यांना येत नव्हती. त्या सामन्याचा निकालही वहीत नाही.

अण्णांची शिपायांची गोष्ट मला पटली नाही, पण हैदराबादशी आमचं नातं होतं हे खरं. तेलुगू विणकर पद्मशाली घरांचे, मुस्लिम घरांचे सगेसोयरे तिकडेच. आणि तिकडे पन्नासच्या दशकात काय चाललं होतं! हैदराबाद सिटी पोलीस संघाने 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांना घडवणारे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारताने 1951 आणि 1962 ला एशियाडचं सुवर्ण जिंकलं, 1956 ला मेलबर्नमध्ये चौथा नंबर काढला. नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाला तीन गोल मारले तो हाच ऑलिम्पिक. चाचा तरुणपणी एका लग्नाला, वाडी जंक्शनला गाडी बदलून, हैदराबादला गेले आणि लग्न सोडून तीन दिवस मैदानावर बसले. परत आले ते नवीन धर्म घेऊन आल्यासारखे. बॉल जवळ ठेवायचा नाही, आला की लगेच दे. आणि रहीमसाहेबांची म्हणून एक गोष्ट: पोरांना मुद्दाम कमजोर पायानेच खेळायला लावायचं. चाचांनी इथे ते सुरू केलं. एक संपूर्ण पावसाळा आमच्या उजव्या पायाच्या माणसांनी डाव्यानेच बॉल मारला. मी लहानपणी हे ऐकून माझा कमजोर पाय कुठला म्हणून चाचांना विचारलं होतं. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "बेटा, तू हिशोब लिख."

जर्सीची नोंद वहीत लाल शाईने आहे, कारण त्यात नुकसान झालं. मिलच्या दुकानातून तुकड्याचं पांढरं कापड स्वस्तात आणलं, शिंप्याकडून शर्ट शिवले, आणि पूर्व भागातल्या एका रंगाऱ्याकडून लाल करून घेतले. पक्का रंग करायचे पैसे नव्हते. "कच्चा चालंल, उन्हाळ्यात पाऊस कुठं येतोय," असं ठरलं. पाऊस आला नाही, घाम आला. हाफटाइमला आमच्या माणसांच्या मांड्या लाल, चड्ड्या लाल, बॉलवर लाल पंजे. समोरच्या संघाच्या पांढऱ्या शर्टांवर, जिथे जिथे धक्काबुक्की झाली तिथे, आमचे लाल शिक्के. रेफरीने त्यावरून दोन फाऊल ठरवले म्हणतात.

माझा स्वतःचा काळ सुरू होतो 1986 पासून. वर्ल्ड कप दूरदर्शनवर आला. चाळीत एक टीव्ही, खोलीबाहेर शंभर माणसं. फायनल 29 जूनला, आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू. रात्री बाराच्या पाळीचे लोक डबा हातात घेऊनच उभे होते. अर्जेंटिनाच्या ब्राउनचा हेडर आत गेला आणि ते मिलकडे पळत सुटले. नंतर पश्चिम जर्मनीने दोन गोल फेडले, बुरुचागाने तिसरा मारला, यातलं काही त्यांना सकाळी सातपर्यंत कळलं नाही. मिलच्या आवाजात ओरडून सांगायला कुणी गेलं असतं तरी ऐकू आलं नसतं. त्या जुलैत क्लबची वर्गणी पहिल्यांदा सगळ्यांनी वेळेवर दिली. मॅराडोनाचे आमच्यावर एवढे उपकार आहेत.

मग मिल गेल्या. एकदम नाही, एकेक. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी परत लिहीत नाही. वहीत ते असं दिसतं: नावापुढे 'पुणे', नावापुढे 'भिवंडी', नावापुढे नुसती रेघ. काकांनी माणसं जशी मस्टरवर लिहिली तशीच वहीत लिहिली.

क्लब तेव्हा बंद पडायला हवा होता. तो चालला तो आयांच्या जोरावर, आणि हे कुठल्याही फ्लेक्सवर येणार नाही. पूर्व भागात घरोघरी बायका विड्या वळतात, मजुरी हजारावर मिळते. पोराने बूट मागितले की आई विचारायची, "किती हजार?" म्हणजे रुपये नव्हेत, विड्या. एका आईने माझ्यासमोर बोटांवर हिशोब केला: रोजच्या विड्या, त्यातून पान-तंबाखूची तूट वजा, घरखर्च वजा, उरलेल्यातून बूट दसऱ्यापर्यंत होतील. "दसऱ्यापर्यंत तसंच खेळ की," ती म्हणाली. पोरगा खेळला. जर्सी धुण्याचंही त्यांच्याच हातात. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा सामना पाण्याच्या दिवसाच्या आदल्या दिवशी ठेवायचा, हा आमच्या क्लबचा अलिखित नियम.

आता टर्फ आले आहेत, तासावर भाड्याने, दिव्यांच्या उजेडात. पोरं सगळी मेस्सी नाहीतर रोनाल्डो पाठीवर घालून येतात. दोन पोरी येतात, त्यातली एक गोली आहे आणि ती माझ्या पाहण्यातल्या कुठल्याही गोलीपेक्षा मोठ्याने ओरडते. मोठ्या मैदानासाठी मात्र अजून अर्ज करावा लागतो. मागच्या वर्षी एका कचेरीत मी चार वेळा गेलो. तिथल्या साहेबांनी शेवटी विचारलं, "तुमची संस्था नोंदणीकृत आहे का? स्थापना कधीची?" मी गप्प राहिलो. तेव्हाच शोधायला हवं होतं.

वहीची पहिली दोन पानं मी कधी वाचली नव्हती, कारण ती मोडी लिपीत आहेत. काकांना मोडी यायची, मला नाही. ओळखीच्या एका निवृत्त बाई मोडी वाचतात, त्यांच्याकडे वही घेऊन गेलो. त्यांनी चष्मा बदलला, पान खिडकीशी धरलं. मी कागद-पेन घेऊन बसलो. वाटत होतं आता देवाचं नाव येईल, मग साल, मग संस्थापकांच्या सह्या.

"अकरा नावं आहेत," बाई म्हणाल्या. "प्रत्येकापुढे चार आणे."

"वर्गणी."

"हो. आणि त्याच्यापुढे..." त्यांनी बोट खाली सरकवत नेलं. "बाकी. बाकी. बाकी. बाकी." अकरा वेळा वाचलं. "कुणीच दिलेले नाहीत हो."

दुसऱ्या पानावर खर्च. ब्लॅडर एक, उधार. नाडी एक, उधार. आणि खाली एक ओळ, बाईंनी दोनदा वाचून खात्री केली: 'गेट उघडल्यावर देणे.'

घरी येईपर्यंत मी त्या ओळीवर विचार करत होतो. गेट उघडल्यावर. 'जुनी मिल' 1949 च्या ऑगस्टमध्ये बंद झाली होती. सोलापूरची ही सर्वांत जुनी मिल, हजारो कामगार रस्त्यावर. मग सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली, एक भागधारक थेट सुप्रीम कोर्टात गेला, आणि डिसेंबर 1950 मध्ये निकाल लागला. चिरंजीतलाल चौधरी खटला म्हणून कायद्याची पोरं तो आजही शिकतात. त्या खटल्यात समानता आहे, मालमत्तेचा हक्क आहे. गेटबाहेर दिवसभर बसलेली माणसं काय करत होती, ते त्यात नाही.

हेच ते गेट, असं मी शपथेवर सांगणार नाही. मिल पुष्कळ, संप पुष्कळ, गेटं पुष्कळदा बंद झाली. चाचांना सांगितलं तर ते म्हणाले, "तो गेट मार्शल लॉवाला होगा." अण्णांना सांगितलं नाही.

फ्लेक्सवाल्याचा परत फोन. "काका, प्रिंटला टाकायचंय ओ. साल?"

"साल राहू दे," मी म्हटलं. "तेवढी जागा मोकळी ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स मैदानाच्या फाटकावर लागला. मेस्सी डावीकडे, नगरसेवक उजवीकडे. खाली मोठ्या अक्षरांत 'स्थापना :' आणि त्यापुढे, मी सांगितलं होतं म्हणून, हातभर मोकळी जागा. पोरं त्याखाली उभी राहून फोटो काढत होती, कुणाच्या काही लक्षात आलेलं दिसलं नाही. फ्लेक्सवाला बिल घेऊन आला. मी पोरांकडे बघितलं, पोरांनी एकमेकांकडे.

"लिहून ठेवा की काका," गोली पोरगी म्हणाली.

ट्रंकेतून वही काढली. अकरा नावं लिहिली, रक्कम भागून प्रत्येकापुढे मांडली, आणि पुढच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत लिहीत गेलो. बाकी. बाकी. बाकी.